साम्राज्यांचे नकाशे रंगवणाऱ्यांना खुलं पत्र: रंग जिथं संपतो तिथलंही सांगा

इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्या, त्यातले नकाशे काढणाऱ्या आणि साम्राज्यांवर माहितीपट, व्हिडिओ बनवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार. मी शाळेत इतिहास शिकवतो. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे आठवीतल्या एका मुलानं विचारलेला प्रश्न. रोमन साम्राज्याचा नकाशा समोर होता, सगळा भूमध्य समुद्र लाल रंगानं वेढलेला, आणि त्यानं ऱ्हाईन नदीवर बोट ठेवून विचारलं, सर इथं रंग का संपला, पुढं जमीन नव्हती का? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की रोमचं सैन्य अजिंक्य होतं, शिस्तबद्ध होतं, जगातलं सर्वश्रेष्ठ होतं. मग अजिंक्य सैन्य एका नदीपाशी थांबलं कशाला, हे त्या मुलाला कळेना आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर मी वाचत गेलो आणि जेवढं वाचलं तेवढा तुमच्यावरचा राग वाढत गेला, म्हणून हे सरळ तुम्हालाच लिहितोय.

तुम्ही नकाशा रंगवता तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रंग भरता. राजधानीला जो लाल, तोच दीड हजार किलोमीटरवरच्या डोंगराला. बघणाऱ्याला वाटतं की या सगळ्या जागी त्या बादशहाचा हुकूम सारखाच चालत होता आणि त्याचं सैन्य मनात आलं की कुठंही जाऊ शकत होतं. असं कुठल्याच काळात कुठल्याच साम्राज्याचं नव्हतं. रस्ते, नद्या, बंदरं, किल्ले आणि त्यांच्या आजूबाजूचा मुलूख एवढंच खरं त्यांच्या हातात असायचं, बाकीच्या ठिकाणी कोणीतरी स्थानिक सरदार मान डोलवायचा, खंडणी द्यायचा, आणि सैन्य परत फिरलं की द्यायची बंद करायचा.

सैन्य पोटावर चालतं हे आपण सगळेच म्हणतो पण त्याचा हिशेब कधी मांडत नाही. मी वर्गात फळ्यावर मांडला, तोच इथं मांडतो. घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो खाणं लागतं, निम्मा दाणा आणि निम्मी वैरण. ओझ्याचं जनावर पाठीवर साधारण शंभर किलो नेतं. वाटेत चरायला गवत नसेल तर दहा दिवसांत ते जनावर स्वतःच्या पाठीवरचं सगळं स्वतःच खाऊन टाकतं, आणि परत यायचं असेल तर पाच दिवस जायचे पाच यायचे, एवढं करून सैनिकाच्या तोंडात एक दाणा पडला नाही. दिवसाला वीस किलोमीटर धरा, पाच दिवसांत शंभर किलोमीटर झाले. म्हणजे नदी नाही, समुद्र नाही, गवत नाही आणि लुटायला गावं नाहीत अशा मुलखात जगातलं कितीही भारी सैन्य शंभर-दोनशे किलोमीटरच्या पुढं फार दिवस टिकूच शकत नाही. घोडे वाढवले की चारा वाढतो, चारा न्यायला आणखी जनावरं लागतात, त्या जनावरांना आणखी चारा. यात शौर्य कुठंच येत नाही. हा हिशेब सीझरला लागू होता तसाच चंगीझ खानालाही लागू होता, आणि रेल्वे येईपर्यंत जमिनीवरून जाणाऱ्या कुणाचीच यातून सुटका नव्हती.

रोमचा सम्राट डायोक्लेशियन यानं इ. स. ३०१ मध्ये वस्तूंचे आणि वाहतुकीचे कमाल दर ठरवून दिले होते. त्यावरून अभ्यासकांनी हिशेब काढला तर असं निघालं की भूमध्य समुद्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जहाजानं धान्य नेणं हे तेच धान्य गाडीनं ७५ मैल नेण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. आता तो लाल नकाशा परत बघा. रोम समुद्राभोवतीच का पसरलं ते आपोआप दिसतं, आणि जर्मनीच्या जंगलात का अडलं तेही दिसतं. इ. स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या हाताखालच्या तीन लीजन, म्हणजे प्रत्येकी साधारण पाच हजार सैनिकांच्या तुकड्या, कापल्या गेल्या, १७, १८ आणि १९ नंबरच्या, ते नंबर रोमनं परत कधीच कुठल्या लीजनला दिले नाहीत. ज्यानं त्यांना गाठलं तो जर्मन पुढारी आर्मिनियस रोमच्याच सैन्यात काम केलेला, रोमचं नागरिकत्व मिळालेला माणूस होता. नंतर रोमन सेनापती जर्मानिकस बदला घ्यायला परत गेला, लढाया जिंकलाही, पण सम्राट टायबेरियसनं इ. स. १६ मध्ये त्याला माघारी बोलावलं. लढाई जिंकता येत होती पण तिथं राहता येत नव्हतं, कारण सैन्याला पोसायला रस्ते नव्हते, शहरं नव्हती, आणि ताब्यात घेऊन जे मिळणार होतं त्यापेक्षा खर्चच जास्त होता. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, दोन वाक्यांत पुस्तकात मावलं असतं.

पूर्वेलाही तेच. इ. स. पूर्व ५३ मध्ये रोमन सेनापती क्रासस सात लीजन घेऊन इराणच्या पार्थियनांवर गेला आणि कॅरीच्या उघड्या मैदानावर घोडेस्वार धनुर्धाऱ्यांनी त्याचं सैन्य लांबूनच संपवलं. रोमनांना आशा होती की बाण कधीतरी संपतील, पण पार्थियन सेनापती सुरेनानं बाणांनी लादलेले उंट मागंच उभे केले होते. पुढं सम्राट ट्राजननं ११६ मध्ये पार्थियनांची राजधानी टेसिफॉन घेतली, तुमच्या नकाशात रोमचा सगळ्यात मोठा विस्तार म्हणून नेमकं ११७ हे वर्ष असतं, पण त्याच वर्षी तो मेला आणि नवा सम्राट हेड्रियननं मेसोपोटेमिया लगेच सोडून दिला, हे नकाशाखाली कोणी लिहीत नाही. एक-दोन वर्षं टिकलेला रंग तुम्ही कायमचा म्हणून छापता. वाळवंटातलं हत्रा नावाचं शहर तर ट्राजनला घेता आलं नाही, आणि ऐंशी वर्षांनी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं दोनदा वेढा घातला तरी घेता आलं नाही. पाणी नाही, चारा नाही, आणि माशा इतक्या की खाण्यापिण्यावर बसायच्या असं रोमन इतिहासकार डिओनंच लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात जास्त हादरवून सोडणारी गोष्ट मात्र चीनच्या सुई घराण्याची आहे आणि ती तुमच्या टॉप टेन यादीत कधीच नसते. ६१२ मध्ये सम्राट यांगनं कोरियातल्या गोगुर्योवर सैन्य पाठवलं, जुन्या चिनी ग्रंथात आकडा ११,३३,८०० दिलाय. तो अतिशयोक्त असेलही, पण सैन्य अवाढव्य होतं यात शंका नाही. त्यातली एक मोठी तुकडी यालू नदी ओलांडून राजधानी प्याँगयांगकडं निघाली, प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर शंभर दिवसांचं धान्य, वर शस्त्रं, चिलखत, तंबूचं सामान. ओझं पेलेना. धान्य टाकणाऱ्याचं डोकं उडवू असा हुकूम होता, म्हणून सैनिकांनी रात्री तंबूत खड्डे खणून धान्य पुरलं, आणि अर्ध्या वाटेत उपाशी पडले. गोगुर्योचा सेनापती उल्जी मुन्दोक हे ओळखून होता, तो रोज छोट्या लढाया मुद्दाम हरत त्यांना आत आत ओढत गेला, आणि परतीच्या वाटेवर साल्सू नदीपाशी त्यांना गाठलं. नोंदीनुसार गेलेले ३,०५,००० आणि परत आलेले २,७००. यांगनं ६१३ ला आणि ६१४ ला परत मोहिमा काढल्या, देशात बंडं पेटली आणि ६१८ मध्ये ते घराणंच संपलं. मोठं सैन्य हीच त्यांची ताकद असं आपण समजतो, पण इथं तर सैन्य जेवढं मोठं तेवढी त्याची उपासमार मोठी झाली. पाठीवरचं धान्य जमिनीत पुरणारा तो सैनिक डोळ्यासमोरून जात नाही माझ्या. त्याला माहीत असणार की पुढं आपल्याला हेच लागणार आहे, तरी त्या रात्री पाठ आणखी सहन करत नव्हती.

आता मंगोलांबद्दल. यांच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त व्हिडिओ बनवता. वेग, शिस्त, धनुर्विद्या, सगळं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण मंगोल सैन्य म्हणजे माणसामागे तीन-चार किंवा जास्त घोडे, आणि घोड्यांना गवत लागतं. गवताळ प्रदेश संपला की त्यांचा वेग संपायचा. चंगीझ खानाचा नातू हुलागू सीरियात शिरला आणि १२६० मध्ये बहुतेक सैन्य घेऊन मागे फिरला, मंगोलांचा मुख्य खान मोंगके वारला हे एक कारण सगळे सांगतात, पण हुलागूनं स्वतः १२६२ मध्ये फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात तिथला चारा आणि धान्य संपल्याचं कारण दिलंय. मागं ठेवलेल्या कित्बुकाच्या छोट्या सैन्याला इजिप्तच्या ममलुकांनी ऐन जालुतच्या लढाईत हरवलं. व्हिएतनाममध्ये १२८८ साली आधी रसदीची जहाजं बुडवली गेली आणि मग उपाशी सैन्य माघारी जाताना व्हिएतनामी सेनापती त्रान हुंग दाओनं बाक डांग नदीत रोवलेल्या खुंट्यांवर त्यांचं आरमार अडकवलं. जपानला दोनदा, जावाला एकदा, सगळीकडून हात हलवत परत. आणि दक्षिण चीनचं सुंग राज्य, ज्याला तुम्ही दुबळं म्हणून एका ओळीत उडवता, ते घ्यायला त्यांना १२३५ पासून १२७९ पर्यंत चव्वेचाळीस वर्षं लागली! एकट्या शियांगयांगचा वेढा पाच वर्षं चालला.

ऑटोमन सैन्याचं तर अक्षरशः टाइमटेबल होतं. वसंतात निघायचं आणि थंडीच्या आधी घरी. १५२९ मध्ये सुलेमान १० मे ला इस्तंबूलहून निघाला, त्या वर्षी पाऊस भयंकर, जड तोफा चिखलात रुतून मागंच राहिल्या, उंट मेले, व्हिएन्नाला पोचता पोचता सप्टेंबर संपत आला आणि ऑक्टोबरच्या मध्याला वेढा उठवावा लागला. व्हिएन्ना वाचली त्याचं श्रेय तिथल्या शिबंदीला द्याच, ते शूर होतेच, पण इस्तंबूल ते व्हिएन्ना हे अंतर एका मोसमात मावत नव्हतं हेही सांगा ना. सुलेमानच्या बापानं, सलीमनं, १५१४ मध्ये चाल्दिरानची लढाई एवढी मोठी जिंकली, इराणच्या सफावीदांची राजधानी तब्रिझ घेतली आणि आठवड्याभरात सोडली, कारण पुढं जायला जॅनिसरींनीच, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळानंच, नकार दिला. सफावीदांनी माघार घेताना पिकं जाळली होती, खायला काय राहिलं होतं तिथं?

मुघलांचंही तेच. शहाजहाननं १६४६ मध्ये हिंदुकुशपलीकडचं बल्ख घेतलं, पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर सोडलं आणि परतीच्या डोंगरवाटेवर माणसं गारठून मेली. कंदाहारवर १६४९, १६५२ आणि १६५३ अशा तीन मोहिमा झाल्या, तिन्ही फुकट गेल्या. मुघल सरदार मीर जुमला १६६२ मध्ये आसामातल्या आहोमांची राजधानी घेऊन बसला आणि पावसाळ्यात तिथंच कोंडला गेला. औरंगजेब दक्षिणेत १६८१ ला आला तो परत गेलाच नाही, एक जिंजी घ्यायला १६९० ते १६९८ अशी आठ वर्षं गेली. फिरतं शहर असावं अशी ती छावणी, बाजारबुणगे, जनावरं, तोफखाना, त्यांना पोसता पोसता मुलूख उजाड झाला आणि किल्ले घेतलेले परत जात राहिले. तरी १७०० सालचा मुघल साम्राज्याचा नकाशा तुम्ही सगळ्यात मोठा म्हणून छापता, जवळजवळ टोकापर्यंत एकच रंग. त्या रंगाखाली तेव्हा काय चाललं होतं ते मराठी वाचकाला मी सांगायची गरज नाही.

नेपोलियनबद्दल एक गैरसमज तर खास तुमच्यामुळं पसरलाय, की त्याला रशियाच्या थंडीनं हरवलं. १८६९ मध्ये मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं या मोहिमेचं चित्र काढलंय, रशियाच्या सरहद्दीवरच्या नेमन नदीपाशी ४,२२,००० ची जाड पट्टी, मॉस्कोला पोचताना १,००,००० आणि परत आले ते १०,०००. नीट बघा, मॉस्कोला ते १४ सप्टेंबरला पोचले, तोपर्यंत बर्फ कुठं होतं? काही माणसं वाटेतल्या ठाण्यांवर ठेवली होती, लढायांतही खूप गेली, पण उन्हाळ्यातल्या उष्म्यात, टायफस आणि हगवणीनं, घोडे चाऱ्याविना मेल्यामुळं सैन्य आधीच झिजून गेलं होतं. थंडीनं शेवटचा घाव घातला एवढंच. मिनारचं चित्र हे माझ्या मते खरा साम्राज्याचा नकाशा आहे, कारण त्यात पट्टी पुढं जाईल तशी बारीक होत जाते.

आणि जे जिंकू शकले नाहीत त्यांच्याबद्दल लिहिता तुम्ही, पण ज्यांना कुणीच जिंकू शकलं नाही त्यांना जागाच देत नाही. दक्षिण अमेरिकेचा नकाशा घ्या, स्पॅनिश साम्राज्याचा पिवळा रंग पार दक्षिण टोकापर्यंत ओढलेला असतो. चिलीत बिओबिओ नदीच्या दक्षिणेला मापुचे लोक राहत होते, त्यांना राजा नव्हता, राजधानी नव्हती, म्हणून तुमच्या दृष्टीनं तिथं कोणी नव्हतंच. १५५३ मध्ये त्यांनी स्पॅनिश गव्हर्नर वाल्दिव्हियाला मारलं. त्यांचा पुढारी लाउतारो आधी वाल्दिव्हियाकडंच पकडून ठेवलेला पोरगा होता, घोडे सांभाळायचा, तिथंच त्याला कळलं की घोडाही दमतो आणि स्वारही दमतो, मग त्यानं आपले लोक एकदम न पाठवता तुकड्या तुकड्यांनी पाठवले, एक दमली की दुसरी. १५९८ मध्ये कुरालाबाला आणखी एक गव्हर्नर मारला गेला आणि पुढच्या काही वर्षांत नदीच्या दक्षिणेची सात स्पॅनिश शहरं ओस पडली. अॅझ्टेक आणि इंका ही अवाढव्य राज्यं घेणाऱ्या स्पेनला चिलीच्या सरहद्दीवर सैन्य पोसायला पेरूहून दरवर्षी पैसा पाठवावा लागला, आणि १६४१ मध्ये किलिनला बसून मापुचेंशी तह करावा लागला, नदी हीच सरहद्द. ती जमीन चिलीच्या सरकारच्या ताब्यात आली १८८० च्या दशकात. म्हणजे तहापासून धरलं तरी जवळजवळ अडीचशे वर्षं टिकलेली सरहद्द तुमच्या नकाशात नाही. तह झालाय, नदी ठरलीय, आणखी काय पुरावा पाहिजे?

उलट अॅझ्टेक आणि इंका का पडले तेही यातूनच कळतं. तिथं स्पेनच्या बाजूनं लढणारे हजारो स्थानिक होते, १५२१ मध्ये टेनोच्टिट्लान या अॅझ्टेक राजधानीच्या वेढ्यात त्लाश्काला या शेजारच्या राज्याचं आणि इतर स्थानिक लोकांचं सैन्य स्पॅनिशांच्या कितीतरी पट होतं. साथीच्या रोगांनी आधीच माणसं मरत होती. मूठभर माणसांनी साम्राज्य जिंकलं ही गोष्ट ऐकायला भारी वाटते पण ती अर्धवट आहे. आणि याच काळात स्पेनचा दुसरा फिलिप, जगातला सगळ्यात ताकदवान राजा म्हणून ज्याची ओळख करून देता, तो १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ मध्ये कर्ज फेडू शकला नाही, १५७६ ला त्याच्याच पगार थकलेल्या सैनिकांनी अँटवर्प लुटलं.

ब्रिटिशांबद्दल थोडक्यात लिहितो. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे निघाले, १३ जानेवारीला जलालाबादला घोड्यावरून पोचला तो डॉक्टर ब्रायडन, बाकीचे थोडे कैदेत, थोडे मागाहून आले, उरलेले मेले. शरदात ब्रिटिश परत गेले, काबूलचा बाजार जाळला आणि निघून आले, गादीवर परत त्यांनीच आधी हटवलेला दोस्त मोहम्मदच बसला. जाळायची ताकद होती, राहायची नव्हती. दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांशी झालेल्या युद्धात १८९९ ते १९०२ साम्राज्यभरातून साधारण साडेचार लाख सैन्य आणलं आणि समोर शेतकऱ्यांच्या टोळ्या, त्या हाती लागेनात म्हणून शेतं जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडलं, त्यात २६,००० हून जास्त बोअर बायका-मुलं मेली, आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांत हजारो मेले ज्यांची नोंदही धड ठेवली नाही. लष्करी ताकद कमी पडली की साम्राज्य काय करतं ते इथं दिसतं, म्हणून ही मर्यादा मुलांना शिकवणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

माझी मागणी मोठी नाही. नकाशात एकच रंग भरू नका, जिथून दरवर्षी कर येत होता तिथं गडद, जिथून सैन्य नुसतं एकदा जाऊन आलं तिथं फिका, आणि जिथं फक्त खंडणी यायची तिथं नुसत्या रेघा. नकाशाच्या कोपऱ्यात राजधानीहून सरहद्दीला किती दिवस लागायचे ते लिहा. सैनिकांचा आकडा देता तेव्हा जनावरांचाही द्या, जिथं माहीत असेल तिथं. विस्ताराचं वर्ष छापता तर तो विस्तार किती वर्षं टिकला तेही कंसात छापा. आणि रंगाच्या पलीकडं जे लोक होते त्यांचं नाव लिहा, जागा आहे तिथं, पांढरी सोडलेलीच आहे.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता दहावीत आहे. ट्युटोबर्गचं आणि रस्त्यांचं त्याला मी नंतर सांगितलं, त्यानं वहीत रोमचा नकाशा परत काढला आणि लाल पेन्सिल ऱ्हाईनकडं नेताना हात हलका करत नेला. यंदाच्या आठवीला मी दक्षिण अमेरिका शिकवतोय आणि बिओबिओ नदी नकाशावर खडूनं मलाच काढावी लागली.

आपला,
एक इतिहासशिक्षक